यारोस्लाव द्रोब्नी

यारोस्लाव द्रोब्नी (१२ ऑक्टोबर १९२१, प्राग – १३ सप्टेंबर २००१, लंडन) हे चेकोस्लोव्हाकियात जन्मलेले टेनिसपटू आणि आइस हॉकीपटू होते. इंग्रजी वळणाच्या उच्चारामुळे त्यांचे नाव ड्रॉबनी असेही लिहिले जाते. १९५४ साली त्यांनी इजिप्तचे नागरिक म्हणून विंबल्डनचे पुरुष एकेरीचे विजेतेपद मिळवले. त्याआधी १९५१ व १९५२ अशी सलग दोन वर्षे त्यांनी पॅरिसची फ्रेंच अजिंक्यपद स्पर्धा जिंकली होती. बर्फावरील हॉकीत ते १९४७ च्या विश्वविजेत्या आणि १९४८ च्या ऑलिंपिक रौप्यपदक विजेत्या चेकोस्लोव्हाक संघाचे आघाडीचे खेळाडू होते. आंतरराष्ट्रीय टेनिस आणि आंतरराष्ट्रीय आइस हॉकी या दोन्ही खेळांच्या सन्मान दालनांत स्थान मिळालेले ते एकमेव खेळाडू होत.

विंबल्डनच्या कार्यक्रमपत्रिकेत त्यांच्या नावापुढे वेगवेगळ्या वर्षी चार वेगवेगळ्या देशांची नावे छापली गेली : चेकोस्लोव्हाकिया, बोहेमिया-मोराव्हिया, इजिप्त आणि ग्रेट ब्रिटन. यांपैकी पहिला बदल त्यांच्या हाती नव्हता. तो हिटलरच्या सैन्याने घडवला. दुसरा त्यांनी स्वतः पत्करला आणि त्याची किंमतही मोजली. त्यामुळे त्यांचे चरित्र समजून घेताना खेळातील जयपराजयांबरोबर विसाव्या शतकातील मध्य युरोपचा इतिहासही थोडा ध्यानात ठेवावा लागतो.

बालपण

द्रोब्नी यांचे वडील प्रागमधील एका टेनिस क्लबच्या मैदानाची देखभाल करीत असत. कोर्टाची माती दाबणे, पाणी मारणे, रेषा आखणे ही त्यांची रोजची कामे होती. घर श्रीमंतांचे नव्हते. पण खेळायला अंगण मात्र असे मिळाले की जे श्रीमंतांच्या मुलांनाही वर्गणी भरून मिळत असे. वयाच्या पाचव्या-सहाव्या वर्षापासून यारोस्लाव यांच्या हाती रॅकेट होती. थोडे मोठे झाल्यावर ते क्लबमध्ये चेंडू उचलून देण्याचे काम करू लागले. त्या निमित्ताने देशोदेशीचे उत्तम खेळाडू त्यांना अगदी जवळून पाहायला मिळाले. त्यांचे टेनिसचे शिक्षण बरेचसे असे पाहून पाहूनच झाले.

प्रागचा हिवाळा कडक. थंडीत टेनिसच्या कोर्टांवर पाणी सोडले की त्याचे बर्फ होई आणि त्याच जागी स्केटिंग व हॉकी सुरू होई. मध्य युरोपात त्या काळी अनेक टेनिस क्लबांची अशी दोन रूपे असत. द्रोब्नी पुढे ज्या ‘एलटीसी प्राग’ या संघाकडून हॉकी खेळले, तो नावाप्रमाणे मुळात लॉन टेनिस क्लबच होता. उन्हाळ्यात टेनिस आणि हिवाळ्यात हॉकी हा त्यांचा क्रम त्यामुळे फारसा जगावेगळा नव्हता. मात्र दोन्ही खेळांत जगातील अव्वल खेळाडूंच्या रांगेत बसणे ही गोष्ट जगावेगळीच होती.

१९३८ साली, वयाच्या सोळाव्या वर्षी, ते प्रथम विंबल्डनमध्ये खेळले. त्याच वर्षाच्या सप्टेंबरात म्युनिक करार झाला आणि चेकोस्लोव्हाकियाचा सीमाभाग जर्मनीला देण्यात आला. मार्च १९३९ मध्ये जर्मन सैन्य प्रागमध्ये शिरले व उरलेल्या चेक प्रदेशाचे ‘बोहेमिया-मोराव्हिया संरक्षित प्रदेश’ असे नामकरण झाले. जूनमध्ये द्रोब्नी दुसऱ्यांदा विंबल्डनला गेले तेव्हा त्यांच्या नावापुढे हे नवे नाव होते. घर तेच, शहर तेच, क्लब तोच. देश मात्र नकाशावरून पुसला गेला होता. दोन महिन्यांनी दुसरे महायुद्ध सुरू झाले आणि विंबल्डन सहा वर्षे बंद राहिले. खेळाडूच्या आयुष्यातील अठरा ते चोवीस ही ऐन उमेदीची वर्षे द्रोब्नी यांनी व्याप्त प्रागमध्ये काढली.

युद्धानंतरची झेप

१९४६ साली विंबल्डन पुन्हा भरले. चौथ्या फेरीत द्रोब्नी यांची गाठ अमेरिकेच्या जॅक क्रेमर यांच्याशी पडली. क्रेमर हे जेतेपदाचे प्रमुख दावेदार मानले जात होते, परंतु हाताला फोड आलेल्या अवस्थेत ते खेळत होते. २-६, १७-१५, ६-३, ३-६, ६-३ असा हा सामना द्रोब्नी यांनी जिंकला आणि चोवीस वर्षांचा हा डावखुरा चेक खेळाडू एकाएकी सर्वांच्या नजरेत भरला. उपांत्य फेरीत ऑस्ट्रेलियाच्या जॉफ ब्राऊन यांनी त्यांना हरवले. त्या वर्षी फ्रेंच स्पर्धा विंबल्डननंतर झाली. तिच्या अंतिम सामन्यात द्रोब्नी यांनी यजमान देशाच्या मार्सेल बर्नार यांच्याविरुद्ध पहिले दोन सेट जिंकले आणि पुढचे तिन्ही गमावले.

हातातोंडाशी आलेला घास निसटण्याचा हा प्रकार पुढे त्यांच्या बाबतीत इतक्या वेळा घडला की, मोठा सामना जिंकण्याची ताकद त्यांच्यात नाही असे टीकाकार म्हणू लागले. १९४८ च्या फ्रेंच स्पर्धेत अंतिम सामन्यात ते अमेरिकेच्या फ्रँक पार्कर यांच्याकडून हरले. त्याच स्पर्धेत स्वीडनच्या लेनार्ट बर्गेलिन यांच्यासमवेत पुरुष दुहेरीचे आणि अमेरिकेच्या पॅट्रिशिया कॅनिंग टॉड यांच्यासमवेत मिश्र दुहेरीचे विजेतेपद मात्र त्यांनी मिळवले. अमेरिकेच्या राष्ट्रीय स्पर्धेत १९४७ व १९४८ अशी दोन वर्षे ते उपांत्य फेरीपर्यंत गेले. डेव्हिस चषक स्पर्धेत त्यांच्या बळावर चेकोस्लोव्हाकियाने या दोन्ही वर्षी आंतरविभागीय अंतिम फेरी गाठली. दोन्ही वेळा ऑस्ट्रेलियाने त्यांची वाट अडवली.

बर्फावरील हॉकी

भारतीय वाचकाला हॉकी म्हटले की मैदानी हॉकी आठवते. आइस हॉकी हा तिच्यापेक्षा बराच वेगळा, वेगवान आणि अंगावर येणारा खेळ. पायांत स्केट घालून, बर्फावरून घसरत, काठीने रबराची चकती गोलात मारायची असते. द्रोब्नी आघाडीच्या फळीत खेळत.

फेब्रुवारी १९४७ मध्ये विश्व अजिंक्यपद स्पर्धा प्रागमध्येच, व्हल्टावा नदीतील श्ट्वानित्से बेटावरील स्टेडियममध्ये झाली. चेकोस्लोव्हाकियाने स्वीडनकडून एका गोलाने पराभव पत्करला तेव्हा विजेतेपद गेल्यातच जमा होते. पण ऑस्ट्रियाने अनपेक्षितपणे स्वीडनला हरवले आणि यजमान संघ पहिल्यांदाच विश्वविजेता ठरला. द्रोब्नी यांनी या स्पर्धेतील ७ सामन्यांत १५ गोल केले. आठ वर्षांपूर्वी ज्या शहराच्या रस्त्यांवरून जर्मन रणगाडे गेले होते, त्या शहराला या विजयाचे केवढे अप्रूप वाटले असेल याची कल्पना करता येते.

पुढच्या वर्षी सेंट मॉरिट्झ येथील हिवाळी ऑलिंपिकमध्ये चेकोस्लोव्हाकिया आणि कॅनडा यांचा सामना ०-० असा बरोबरीत सुटला. बाकीचे सर्व सामने दोन्ही संघांनी जिंकले होते. अखेर गोलांच्या सरासरीवर कॅनडाला सुवर्ण आणि चेकोस्लोव्हाकियाला रौप्यपदक मिळाले. ८ फेब्रुवारी १९४८ रोजी हे ऑलिंपिक संपले. २५ फेब्रुवारीला प्रागमध्ये साम्यवादी पक्षाने संपूर्ण सत्ता हाती घेतली.

हॉकीने द्रोब्नी यांना आणखी एक गोष्ट दिली : डोळ्याची कायमची दुखापत. तिच्यामुळे त्यांना पुढे रंगीत काचांचा चष्मा लावून टेनिस खेळावे लागले. जुन्या छायाचित्रांत काळ्या चष्म्यातला, काहीसा स्थूल, मान खाली घालून चालणारा जो खेळाडू दिसतो, त्याच्या त्या चष्म्यामागे ऐट नव्हती, गरज होती.

अमेरिकेतील राष्ट्रीय हॉकी लीगमधील ‘बोस्टन ब्रुइन्स’ या संघाने त्यांना आपल्याकडे खेळण्यासाठी बोलावले होते. त्या काळी युरोपीय खेळाडूला असे निमंत्रण येणे ही अपूर्व बाब होती. द्रोब्नी यांनी ते नाकारले. ते स्वीकारले असते तर ते व्यावसायिक खेळाडू ठरले असते. टेनिसच्या तेव्हाच्या नियमांनुसार विंबल्डन, पॅरिस, डेव्हिस चषक या सर्व स्पर्धा केवळ हौशी खेळाडूंसाठी होत्या. पैशासाठी खेळणाऱ्याला या मैदानांवर पाऊल ठेवता येत नसे. १९४७ साली विंबल्डन जिंकून जॅक क्रेमर व्यावसायिक झाले आणि त्यांना ती दारे बंद झाली. हे निर्बंध १९६८ मध्ये उठले. अर्थात हौशी म्हणवणाऱ्या नामवंतांना आयोजक प्रवासखर्चाच्या नावाखाली पैसे देत असत आणि ही गोष्ट सर्वांना ठाऊक होती. द्रोब्नी यांचीही गुजराण पुढे बरीच वर्षे याच खर्चावर झाली. त्यांना हौशी म्हणावे की व्यावसायिक, असा प्रश्न आजच्या विद्यार्थ्याला पडला तर त्यात त्याची चूक नाही. नियम कागदावर एक होता आणि व्यवहारात दुसरा.

देशत्याग

१९४८ नंतर चेकोस्लोव्हाकियात खेळाडूंच्या परदेश प्रवासावर सरकारची करडी नजर होती. कोणी कोठे खेळायचे, कोणाविरुद्ध खेळायचे, हे पक्ष ठरवू लागला. द्रोब्नी यांना बाहेर जाण्याची मुभा होती, कारण त्यांच्या विजयांमुळे राजवटीची शोभा वाढत होती. विजयी खेळाडू ही सरकारची जाहिरात असते, तोवर त्याला सांभाळले जाते. ही जाहिरात आपण व्हावे की नाही, हा प्रश्न द्रोब्नी यांच्यापुढे होता.

१ जुलै १९४९ रोजी ते विंबल्डनचा अंतिम सामना खेळले. अमेरिकेच्या टेड श्रोडर यांनी त्यांना पाच सेटमध्ये ३-६, ६-०, ६-३, ४-६, ६-४ असे हरवले. त्यानंतर ते डेव्हिस चषकातील सहकारी व्लादिमीर चेर्निक यांच्यासह स्वित्झर्लंडमधील गश्टाड येथे स्पर्धेसाठी गेले. स्पर्धेत जर्मन आणि स्पॅनिश खेळाडू होते. या दोन देशांच्या खेळाडूंबरोबर एका स्पर्धेत खेळणे प्रागमधील सरकारला मान्य नव्हते. स्पर्धेतून ताबडतोब बाहेर पडून मायदेशी परत या, असा आदेश आला. द्रोब्नी आणि चेर्निक यांनी तो धुडकावला. ते खेळले आणि परत गेले नाहीत.

द्रोब्नी त्या वेळी सत्तावीस वर्षांचे होते. जवळ रॅकेटी, थोडे कपडे आणि सुमारे पन्नास डॉलर एवढाच ऐवज होता. प्रागमधील घर, क्लब, हॉकीचा संघ, भाषा हे सर्व एका दिवसात मागे पडले. मायदेशात त्यांची देशद्रोही म्हणून संभावना झाली आणि त्यांच्या विजयांचे उल्लेख टाळले जाऊ लागले. एकदा एका देशातर्फे डेव्हिस चषक खेळलेल्या खेळाडूसाठी दुसऱ्या देशाच्या संघाचे दार तेव्हा बंद असे. द्रोब्नी १९४९ नंतर ही स्पर्धा पुन्हा कधीच खेळले नाहीत. जी स्पर्धा त्यांना सर्वाधिक मानवत होती, तीच त्यांनी गमावली.

हा निर्णय घाईचा होता काय, असा प्रश्न तेव्हा विचारला गेला. त्याचे उत्तर पुढच्याच वर्षी मिळाले. नोव्हेंबर १९४८ मध्ये पॅरिसहून लंडनला जाणारे विमान इंग्लिश खाडीत नाहीसे होऊन चेकोस्लोव्हाक हॉकी संघातील सहा खेळाडू आधीच मृत्युमुखी पडले होते. उरलेल्या संघाने १९४९ मध्ये पुन्हा विश्व अजिंक्यपद मिळवले. मार्च १९५० मध्ये हा संघ विजेतेपद राखण्यासाठी लंडनला निघाला असता त्याला जाऊ दिले गेले नाही. संतापलेले खेळाडू प्रागच्या एका मद्यगृहात जमून सरकारविरुद्ध मोठमोठ्याने बोलू लागले आणि तेथेच त्यांना अटक झाली. देशद्रोहाच्या आरोपावरून खटला चालला. गोलरक्षक बोहुमिल मॉद्री यांना १५ वर्षांची आणि ऑगुस्तिन बुबनीक यांना १४ वर्षांची शिक्षा झाली; इतरांनाही लहानमोठ्या शिक्षा झाल्या. काहींना युरेनियमच्या खाणींत राबावे लागले. १९५५ पर्यंत त्यांची सुटका झाली, परंतु मॉद्री यांची प्रकृती कायमची खालावली होती आणि १९६३ साली त्यांचे निधन झाले. सेंट मॉरिट्झच्या बर्फावर द्रोब्नी यांच्याबरोबर रौप्यपदक मिळवणाऱ्यांपैकी ही माणसे. द्रोब्नी परतले असते तर त्यांचे काय झाले असते हे सांगता येत नाही. पण त्यांचे सोबती कोठे होते हे सांगता येते.

इजिप्तचे पारपत्र

देश सोडणे एका दिवसात जमले, दुसरा देश मिळायला वेळ लागला. टेनिसपटूचे आयुष्य म्हणजे आज रोम, पुढच्या आठवड्यात पॅरिस, त्यापुढे लंडन. आणि प्रत्येक सीमेवर पारपत्र दाखवावे लागते. राज्यहीन माणसाजवळ तेच नसते. द्रोब्नी यांनी एकाहून अधिक देशांकडे प्रयत्न केले. अखेर राजा फारूक यांच्या राजवटीतील इजिप्तने त्यांना नागरिकत्व देऊ केले. कैरो व अलेक्झांड्रिया येथे हिवाळ्यात टेनिसच्या मोठ्या स्पर्धा भरत, युरोपातील खेळाडू तेथे आवर्जून जात आणि द्रोब्नी यांचा खेळ तेथील रसिकांच्या परिचयाचा होता. १९५० पासून ते इजिप्तचे खेळाडू म्हणून खेळू लागले.

या नागरिकत्वाकडे केवळ सोयीचा कागद म्हणून पाहण्याची रीत आहे. ते पूर्णपणे खोटे नाही. द्रोब्नी यांचे वास्तव्य इजिप्तमध्ये फारसे नव्हते. परंतु ज्या वेळी मोठी, श्रीमंत राष्ट्रे त्यांना दारात तिष्ठत ठेवीत होती, त्या वेळी एका आफ्रिकी देशाने त्यांना आपले म्हटले, हेही खरे आहे. १९५२ मध्ये इजिप्तमध्ये क्रांती होऊन फारूक पदच्युत झाले, तरी द्रोब्नी यांचे नागरिकत्व टिकले. ज्या देशात ते जन्मले तेथे राजवट बदलताच त्यांचे सारे गेले होते. ज्या देशाने दत्तक घेतले तेथे राजवट बदलूनही काही गेले नाही.

१९५० च्या फ्रेंच स्पर्धेत ते पुन्हा अंतिम फेरीत पोहोचले. पॅरिसमध्येच राहणारे अमेरिकेचे बज पॅटी यांनी पहिले दोन सेट घेतले, द्रोब्नी यांनी पुढचे दोन जिंकून बरोबरी साधली आणि पाचवा सेट ५-७ असा गमावला. महिन्याभराने विंबल्डनच्या उपांत्य फेरीत ऑस्ट्रेलियाच्या फ्रँक सेजमन यांच्याविरुद्ध पहिले दोन सेट जिंकूनही ते हरले. रोममध्ये इटलीचे अजिंक्यपद त्यांनी १९५०, १९५१ व १९५३ असे तीनदा मिळवले, पण मोठे विजेतेपद हुलकावणीच देत होते.

ते अखेर १९५१ मध्ये पॅरिसला मिळाले. तीन वेळा अंतिम सामना हरल्यानंतर चौथ्या वेळी त्यांनी दक्षिण आफ्रिकेच्या एरिक स्टर्जेस यांना ६-३, ६-३, ६-३ असे सहज हरवले. पुढच्या वर्षी त्याच कोर्टावर त्यांनी सेजमन यांना ६-२, ६-०, ३-६, ६-४ असे नमवून विजेतेपद राखले. सेजमन तेव्हा जगातील सर्वोत्तम हौशी खेळाडू मानले जात, हे लक्षात घेता दुसरा सेट ६-० ने घेणे ही साधी गोष्ट नव्हती.

खेळाची शैली

द्रोब्नी यांचा पिंड लाल मातीचा. तरुणपणी त्यांची डावखुरी सर्व्हिस आणि डोक्यावरून मारलेला स्मॅश यांत विलक्षण जोर होता. पुढे खांद्याच्या दुखण्याने सर्व्हिसचा वेग कमी झाला. ती उणीव त्यांनी डोक्याने भरून काढली. फोरहँडचा जोरदार फटका मारून प्रतिस्पर्ध्याला मागे रेटायचे आणि मग अलगद ड्रॉप शॉट टाकून चेंडू जाळ्याजवळ मरू द्यायचा, ही त्यांची आवडती युक्ती होती. मनगटाची ही नजाकत पाहण्यासाठी लोक मुद्दाम येत. बॅकहँड हा त्यांचा दुबळा भाग होता. तेथून ते चेंडू कापून परत पाठवीत, मारीत नसत. प्रतिस्पर्ध्यांना हे ठाऊक असे आणि ते वारंवार तिकडेच मारा करीत. १९५१ साली पॅरिसमध्ये अजिंक्य ठरलेले द्रोब्नी अवघ्या काही आठवड्यांनी विंबल्डनच्या हिरवळीवर तिसऱ्याच फेरीत ब्रिटनच्या टोनी मॉट्रम यांच्याकडून हरले. माती आणि गवत यांतला फरक त्यांना असा नडत असे.

१९५३ : पॅटी यांच्याशी झुंज

१९५२ मध्ये ते दुसऱ्यांदा विंबल्डनच्या अंतिम फेरीत गेले. पहिला सेट जिंकल्यावर सेजमन यांनी पुढचे तीन घेऊन पॅरिसच्या पराभवाची परतफेड केली. तोपर्यंत ‘म्हातारे ड्रॉब’ अशा प्रेमाच्या नावाने लंडनचे प्रेक्षक त्यांना ओळखू लागले होते. दरवर्षी येणारा, दरवर्षी हरणारा आणि पुन्हा येणारा हा देशहीन खेळाडू त्यांना आपला वाटू लागला होता. इंग्लंडच्या टेनिसपटू रिटा अँडरसन यांच्याशी त्यांनी विवाह केला होता व त्यांचा संसारही इंग्लंडमध्येच थाटला गेला होता.

१९५३ च्या तिसऱ्या फेरीत त्यांची गाठ पुन्हा बज पॅटी यांच्याशी पडली. सामना सायंकाळी सुरू झाला. द्रोब्नी यांनी पहिला सेट ८-६ असा घेतला, पॅटी यांनी दुसरा १८-१६ असा. टायब्रेकची पद्धत तेव्हा नव्हती. दोन गेमची आघाडी मिळेपर्यंत सेट चालूच राही. पॅटी यांना चौथ्या आणि पाचव्या सेटमध्ये मिळून सहा वेळा मॅच पॉइंट मिळाला आणि सहाही वेळा द्रोब्नी वाचले. पाचव्या सेटमध्ये १०-१० अशी बरोबरी झाली तेव्हा रात्रीचे नऊ वाजून गेले होते, चेंडू नीट दिसत नव्हता आणि दोघांच्याही पायांत गोळे येत होते. आणखी दोन गेमनंतर खेळ थांबवायचा असे ठरले. द्रोब्नी यांनी ते दोन्ही गेम जिंकले. ८-६, १६-१८, ३-६, ८-६, १२-१० : एकूण ९३ गेम, चार तासांहून अधिक खेळ. विंबल्डनमधील एकेरीच्या सर्वाधिक गेमचा हा विक्रम १९६९ पर्यंत टिकला.

त्या रात्री द्रोब्नी यांच्या पायाला झालेल्या इजेने मात्र त्यांचे वर्ष संपवले. लंगडत ते उपांत्य फेरीपर्यंत गेले आणि तेथे डेन्मार्कच्या कुर्ट निल्सन या मानांकन नसलेल्या खेळाडूने त्यांना सरळ सेटमध्ये हरवले. विजेतेपदाची अखेरची संधी गेली, असे जाणकारांनी गृहीत धरले.

१९५४ : विंबल्डनचे विजेतेपद

१९५४ साली द्रोब्नी बत्तीस वर्षांचे होते. हे त्यांचे अकरावे विंबल्डन आणि त्यांचे मानांकनही अकरावे. उपांत्यपूर्व फेरीत त्यांनी ऑस्ट्रेलियाच्या ल्यू होड यांना सरळ सेटमध्ये हरवले, तेव्हा सर्वांना आश्चर्य वाटले. होड तेव्हा एकोणीस वर्षांचे होते आणि त्यांच्या फटक्यांच्या ताकदीचा बोलबाला होता. उपांत्य फेरीत समोर पुन्हा पॅटी आले. या वेळी चार सेट पुरले.

२ जुलै रोजी अंतिम सामन्यात प्रतिस्पर्धी होते होड यांचेच समवयस्क सहकारी केन रोजवॉल. एरवी प्रेक्षक तरुणाची बाजू घेतात. त्या दिवशी सेंटर कोर्ट एकमुखाने द्रोब्नी यांच्या बाजूचे होते. पहिला सेट चोवीस गेम चालला आणि द्रोब्नी यांनी तो १३-११ असा घेतला. दुसरा रोजवॉल यांनी ६-४, तिसरा द्रोब्नी यांनी ६-२ असा जिंकला. चौथ्या सेटमध्ये रोजवॉल यांनी चिवटपणे झुंज दिली. पाचवा सेट झाला तर वयाचा फरक बोलेल, हे दोघांनाही कळत होते. अडीच तासांहून अधिक खेळानंतर ९-७ असा हा सेट घेऊन द्रोब्नी विजेते झाले. ५८ गेमचा हा अंतिम सामना तोपर्यंतचा विंबल्डनमधील सर्वांत लांबलेला एकेरीचा अंतिम सामना होता.

१९१४ मध्ये नॉर्मन ब्रुक्स जिंकल्यानंतर विंबल्डन जिंकणारे ते पहिले डावखुरे पुरुष, आणि चष्मा लावून ही स्पर्धा जिंकणारे पहिले पुरुष विजेते. इजिप्तच्या नावावर विंबल्डनचे एकेरीचे विजेतेपद आजवर हे एवढेच आहे. प्रतिस्पर्धी रोजवॉल यांची कहाणीही येथे नोंदवण्याजोगी आहे : पुढे ते १९५६, १९७० आणि १९७४ मध्ये अंतिम फेरीत गेले, पण विंबल्डन त्यांना कधीच जिंकता आले नाही. भारतीय वाचकांच्या दृष्टीने या वर्षाचे आणखी एक महत्त्व आहे. याच स्पर्धेत रामनाथन कृष्णन यांनी मुलांच्या एकेरीचे विजेतेपद मिळवले.

मायदेशात या विजयाचा गाजावाजा झाला नाही, होणे शक्यही नव्हते. प्रागमध्ये टेनिसच्या कोर्टावर वाढलेला एक मुलगा विंबल्डनचा विजेता झाला, ही गोष्ट त्या शहरात मोकळेपणाने साजरी करण्यास पस्तीस वर्षे जावी लागली.

उत्तरायुष्य

१९५५ मध्ये विजेतेपद राखण्यासाठी उतरलेल्या द्रोब्नी यांना उपांत्यपूर्व फेरीत अमेरिकेच्या टोनी ट्रॅबर्ट यांनी हरवले. ट्रॅबर्ट हेच त्या वर्षीचे विजेते ठरले. याच वर्षी ‘चॅम्पियन इन एक्झाइल’ हे द्रोब्नी यांचे इंग्रजी आत्मचरित्र प्रसिद्ध झाले. हद्दपार विजेता अशा अर्थाच्या या शीर्षकातच त्यांच्या आयुष्याची दोन टोके एकत्र आली आहेत.

१९५६ मध्ये सुवेझ कालव्याच्या प्रश्नावरून ब्रिटनने इजिप्तवर हल्ला केला. ज्या देशात घर आणि ज्या देशाचे पारपत्र, ते दोन देश एकमेकांशी लढत असल्याचे द्रोब्नी यांना पाहावे लागले. १९५९ साली त्यांना ब्रिटिश नागरिकत्व मिळाले. १९६० मध्ये, वयाच्या अडतिसाव्या वर्षी, ते ग्रेट ब्रिटनचे खेळाडू म्हणून विंबल्डनमध्ये उतरले. निकालाच्या दृष्टीने या सहभागाला फारसे महत्त्व नाही. पण त्यांच्या नावापुढील चौथा देश तो हाच.

निवृत्तीनंतर लंडनमध्ये त्यांनी क्रीडासाहित्याचे दुकान चालवले. कारकिर्दीत त्यांनी एकेरीची शंभराहून अधिक विजेतेपदे मिळवली होती. परंतु ती सर्व हौशी काळातली असल्याने त्यातून पुढच्या पिढीतील खेळाडूंसारखी संपत्ती जमली नाही. त्यांच्यानंतर चेकोस्लोव्हाकिया सोडणाऱ्या टेनिसपटूंत मार्टिना नवरातिलोवा यांचे नाव सर्वांत मोठे. त्याही प्रागमध्येच जन्मलेल्या, त्याही डावखुऱ्या. १९७५ साली त्यांनी अमेरिकेत आश्रय घेतला आणि १९७८ मध्ये विंबल्डन जिंकले.

१९८३ मध्ये द्रोब्नी यांचा आंतरराष्ट्रीय टेनिस सन्मान दालनात समावेश झाला. १९८९ च्या अखेरीस प्रागमधील साम्यवादी राजवट कोसळली आणि चाळीस वर्षे बंद असलेली वाट मोकळी झाली. द्रोब्नी तेव्हा अडुसष्ट वर्षांचे होते. १९९७ मध्ये आंतरराष्ट्रीय आइस हॉकी महासंघाने सुरू केलेल्या सन्मान दालनात पहिल्याच वर्षी त्यांना स्थान मिळाले. १३ सप्टेंबर २००१ रोजी लंडन येथे, ऐंशीव्या वाढदिवसाला एक महिना बाकी असताना, त्यांचे निधन झाले.

त्यांच्या राष्ट्रीयत्वाची नोंद कशी करावी याबाबत क्रीडाग्रंथांत एकवाक्यता नाही. काही सूचींत ते चेक खेळाडू म्हणून येतात, काहींत इजिप्तचे, तर काहींत ब्रिटिश म्हणून. विंबल्डनच्या विजेत्यांच्या यादीत १९५४ या वर्षापुढे त्यांच्या नावाशेजारी इजिप्त असे लिहिलेले आहे.